ब मिळाला, ळ राहिला

माणसाने शेजाऱ्याच्या दाराकडे बघत बसू नये, हे बाळाजी तरेंना तत्त्वतः मान्य होतं. पण अंबरनाथ पूर्वेच्या कदंब सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरची दारं अशी समोरासमोर होती, की डोळे मिटून जिना उतरल्याशिवाय हे तत्त्व पाळताच येत नसे. एका रविवारी दुधाची पिशवी घ्यायला त्यांनी दार उघडलं आणि समोर भोईरांच्या दारावर नवी पाटी दिसली. पिशवीतलं दूध चांगलं राहिलं, पण बाळाजींच्या पोटात काहीतरी नासलं.

काळ्या लाकडावर पितळी अक्षरं होती. वरच्या ओळीत चेतन, मीना, राजसी आणि खाली मोठ्या अक्षरांत भोईर. अक्षरं जाड होती, टोकदार होती, प्रत्येक रेघ विळ्याने तासल्यासारखी तिरकी संपत होती, आणि मधूनच एखादी केसाएवढी बारीक रेघ नखरा करून जात होती. असली अक्षरं बाळाजींनी आजवर फक्त इंग्रजीत पाहिली होती, जुन्या सर्टिफिकिटांवर आणि कधीतरी बाटल्यांवर. मराठीत, तेही भोईराच्या दारावर, ती बघायची वेळ येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. दुसऱ्या कुणाच्या पोटात पाटी बघून इतकं दुखलं नसतं. लोक पाटी बघतात, 'छान आहे' म्हणतात आणि कांदे आणायला जातात. पण बाळाजींची सगळी इस्टेट म्हणजे त्यांचं अक्षर होतं. मोरिवलीच्या कारखान्यात स्टोअरमधल्या पिंपांवरची नावं तेच रंगवत. सोसायटीत कुणाकडे लग्न निघालं की पत्रिकांवर नावं घालायला त्यांनाच बोलावणं येई, आणि समोर चिवड्याची बशी ठेवून यजमान म्हणे, "दादा, तुमच्या अक्षरानेच आमंत्रण गेल्यासारखं वाटतं." शिवाय गेटजवळचा फळा. पाणी कधी जाणार, मीटिंग कधी, कुणाची गाडी आडवी लागलीय, हे सगळं त्या फळ्यावर बाळाजी लिहीत. खडू ते तिरका मोडून घेत, म्हणजे रेघ जाडबारीक पडते. ज्याला पाण्याशी काही देणंघेणं नाही असा माणूसही ते अक्षर बघायला थांबे, अशी निदान बाळाजींची समजूत होती.

तर ते दूध हातात धरून उभे असताना समोरचं दार उघडलं आणि चेतन भोईर बनियनवर बाहेर आला.

"काय दादा, कशी वाटली? आपल्या राजसीने बनवलीय. ब्लॅकलेटर म्हणतात याला. जुन्या जर्मन छापखान्यातली स्टाइल. आर्ट कॉलेजात प्रोजेक्टच आहे तिचा, मराठीत पूर्ण टाइपफेस करतेय, अ पासून ज्ञ पर्यंत."

"छान आहे," बाळाजी म्हणाले. "वाचता येत नाही, पण छान आहे."

घरात येऊन त्यांनी दूध ओट्यावर असं ठेवलं की त्यांच्या पत्नी अंजनीबाईंनी वळून पाहिलं. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "मग राजसीला सांगा की. काका म्हणून जीव टाकते पोर. आनंदाने करून देईल."

"मी? मी त्या पोरीकडे अक्षर मागायला जाऊ? अख्ख्या सोसायटीची पाकिटं ज्याने लिहिली त्याने?"

"मग नका जाऊ. चहा घ्या."

पण चहाने विझणारी ही आग नव्हती. संध्याकाळपर्यंत बाळाजींचा निश्चय झाला होता. तशीच पाटी आपल्या दारावर लागेल, त्याच अक्षरांत लागेल, भोईरांच्या पाटीपेक्षा वीतभर मोठी असेल, आणि भोईरांना कळणारही नाही की ती कुठून आली. शेवटच्या कलमात जरा गोम होती, कारण पाटी लागणार होती भोईरांच्याच नाकासमोर. पण जळफळाटात माणूस इतकं पुढचं बघत नाही.

उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये परसराम नावाचा एक पाटीवाला होता. त्याला नमुना दाखवला की तो कशाचीही हुबेहूब पाटी करून देतो, अशी कीर्ती होती. नमुन्यासाठी फोटो हवा. म्हणून सोमवारी रजा टाकून, दुपारी जिना रिकामा बघून, बाळाजी मोबाइल घेऊन भोईरांच्या दारासमोर उकिडवे बसले. अक्षरांची टोकं नीट यावीत म्हणून ते दाराच्या इतके जवळ गेले की नाक जवळजवळ कडीला लागलं. तेवढ्यात दार उघडलं आणि मीना भोईर कचऱ्याची पिशवी घेऊन थेट त्यांच्या डोक्यावर उभी राहिली.

"अगं बाई! दादा, काय झालं?"

"गॅसचा वास येतोय का तुमच्याकडून?" बाळाजींच्या तोंडून निघून गेलं.

खोटं बोलणाऱ्याने निदान लहान खोटं बोलावं. मीनाने किंचाळून सिलिंडर बंद केला, वरच्या मजल्यावर हाक दिली, खालच्या मजल्यावर हाक दिली, आणि सेक्रेटरी संध्याताई हातात शिट्टी घेऊन धावत आल्या. ही शिट्टी त्या अग्निसुरक्षा शिबिरातून घेऊन आल्या होत्या आणि वाजवायची संधी शोधत होत्या. सगळ्या इमारतीचे गॅस बंद झाले. एजन्सीचा माणूस येऊन प्रत्येक रबरी नळी हुंगून जाईपर्यंत कुणाच्या घरी चहा झाला नाही. वास सापडला नाही, पण ग्रुपवर संध्याताईंनी 'बाळाजीदादांच्या सतर्कतेबद्दल आभार' असा मेसेज टाकला आणि चेतनने त्यावर हात जोडले. त्या जोडलेल्या हातांकडे बघून बाळाजींना स्वतःची लाज वाटली. पण फोटो चांगला आला होता.

परसरामने फोटो मोठा करून पाहिला, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाला, "एक नंबर माल है, साईं. नाव बोलो."

"बाळाजी तरे."

परसराम कागदावर एकेक अक्षर जुळवायला लागला. तरे तर भोईरांच्या पाटीतूनच सुटत होतं. चेतनमधून त मिळाला, वर मात्रा मिळाली, भोईरमधून र. जी राजसीकडून आला. काना हवे तितके होते. आणि मग तो थांबला.

"साईं, इसमें ब नहीं है. और ये तुम्हारा ळ भी नहीं है."

"मग?"

"बिना ब और ळ के बना दूँ? नाही तर ऐसा करो, नाव चेतन रख लो. चेतन का पूरा सेट रेडी है."

बाळाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की परसरामने चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला. मग व्यापाऱ्याच्या समजुतीने तो म्हणाला, "गुस्सा मत करो. दोन अक्षरं लेके आओ, हप्त्यात बोर्ड घेऊन जा."

दोन अक्षरं. बाळाजी रिक्षात बसून घरी परतले ते त्या दोन अक्षरांच्या विचारात. आधी त्यांनी ती स्वतः काढून पाहिली. पेपराच्या कडेला ब काढला. तो भोपळ्यासारखा आला. पुन्हा काढला, तर त्या भोपळ्याला शेंडी आली. भोईराची पोर जे सहज करते ते आपल्या हाताला येत नाही, हे कळल्यावर त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. अंजनीबाईंनी पेपर ओढून घेतला, कारण त्यावर अजून शब्दकोडं सोडवायचं होतं.

मग एक अशी युक्ती सुचली की बाळाजींना स्वतःचंच कौतुक वाटलं. राजसीकडे अक्षर मागायचं नाही. राजसीने ते आपल्या आपण लिहावं, अशी वेळ आणायची. कदंब या नावात ब आहे. इमारतीची गेटवरची पाटी गंजली आहे. झालं तर! सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते उभे राहिले आणि म्हणाले, "आपल्या इमारतीतच एवढी गुणी मुलगी असताना आपण गंजलेली पाटी का मिरवतोय? राजसीच्या हातची पाटी लावा."

भोईर पतिपत्नींनी एकमेकांकडे पाहिलं. मीनाच्या डोळ्यांत पाणी आलं. संध्याताईंनी ठराव लिहायला घेतला, सूचक म्हणून तरेंचं नाव घातलं, आणि मग सोसायटीच्या कामाला जी गती असते ती या कामालाही आली. तीन ठिकाणचे दर मागवा असं एकाने सांगितलं. दुसरा म्हणाला, आग्नेयेला काळा रंग चालत नाही. तळमजल्यावरच्या बनूबाईंनी विचारलं, "त्यावर कदंबच वाचता येईल ना नक्की? कारण आमच्याकडे येणाऱ्यांना एवढीच खूण सांगितलेली असते." बाळाजी कारखान्यातून आले की एकेका घरी जाऊन सह्या गोळा करत. स्वतःच्या मुलाच्या अ‍ॅडमिशनसाठी ते एवढे जिने चढले नव्हते.

पाटी लागली. ब मिळाला. भरदार, बाकदार, पोटात एक तिरकी रेघ असलेला. बाळाजींनी त्याचा फोटो घेतला आणि परसरामला पाठवला. पण त्याच दिवसापासून गेटमधून आत येणारा प्रत्येक माणूस मान वर करून राजसीची पाटी बघायला लागला, आणि खाली उजव्या हाताला असलेल्या फळ्याकडे कुणी ढुंकूनही बघेना. बाळाजींनी फळ्यावर दोन रंगांत सूचना लिहिली. मग तीन रंगांत. एकदा तर कडेला वेलबुट्टी काढली. कुरिअरवाल्याने त्या वेलबुट्टीला टेकून सही घेतली.

आता ळ राहिला होता. संक्रांत जवळ आली होती. बाळाजींनी जेवताना सहज विषय काढला, "यंदा हळदीकुंकू सोसायटीचं एकत्र करा की. मोठा बोर्ड लावा. राजसीच करेल."

अंजनीबाईंचा घास हातातच राहिला. हळदीकुंकवाच्या नावाने दरवर्षी ज्यांना घराबाहेर काढावं लागतं, ते गृहस्थ बोर्डाच्या गोष्टी बोलत होते. "तुम्हाला बरं नाही का?" त्यांनी विचारलं.

पण बायकांनी कल्पना उचलली. हॉलच्या दारावर राजसीने भला मोठा 'हळदीकुंकू' लावला. आणि त्यातला तो ळ बघून बाळाजी जागच्या जागी थिजले. दोन गोल एकमेकांत असे अडकले होते की जणू एका हिसक्यात काढलेत, आणि खाली वळून गेलेली शेपटी अशी ऐटबाज की तिच्यापुढे बाकीची अक्षरं हमाल वाटावीत. असं अक्षर आपल्याला आयुष्यात कधी का सुचलं नाही, या विचाराने त्यांचं मन कडू झालं. सगळ्या बायका 'बाई, काय सुंदर' करत होत्या. संध्याताईंनी विचारलं, "काय दादा, तुम्ही तर जाणकार. कसं आहे?"

"बाकी ठीक आहे," बाळाजी मोठ्याने म्हणाले. "पण ळ बिघडलाय. घाईत नाडीची गाठ मारावी तसा दिसतो."

वाणाचे डबे लावत असलेल्या राजसीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा एवढासा झाला. मग ती जराशी हसली आणि पुन्हा डबे लावायला लागली. ते हसू बाळाजींना कळलं नाही, पण दिवसभर ते त्यांच्या मानेशी कुसळासारखं टोचत राहिलं.

घरी येऊन त्यांनी फोटोवरून ळ पेपरावर उतरवायला घेतला आणि चमत्कार झाला. जो हात ब काढताना भोपळे काढत होता, त्याच हाताने ळ पहिल्या फटक्यात काढला. शेपटीसकट! बाळाजींनी तो चष्मा लावून पाहिला, काढून पाहिला. हुबेहूब. 'शेवटी हात तो हात,' ते स्वतःशी म्हणाले. 'असली नक्कल करायला आम्हाला वेळ लागत नाही.' आणि तो कागदच त्यांनी परसरामकडे पोचवला.

पाटी आली. काळ्या पॉलिशवर पिवळीधम्मक अक्षरं, भोईरांच्या पाटीपेक्षा खरोखर वीतभर मोठी. त्या संध्याकाळी ती वर्तमानपत्रात गुंडाळून बाळाजी गेटमधून आत आले, तर फळ्याची जागा रिकामी. भिंतीवर एक फिकट चौकोन तेवढा उरला होता.

"अहो, तुम्हालाच सरप्राइज द्यायचं होतं!" संध्याताई टाळी वाजवून म्हणाल्या. "तुमची एवढी धडपड बघून कमिटीने ठरवलं, आता सगळ्या नोटिसा राजसीच्याच टाइपात छापून काचेच्या पेटीत लावायच्या. राजसी नको नको म्हणत होती, पण तिने तो टाइप कॉम्प्युटरवर बसवलाय म्हटल्यावर आम्ही घेतलाच मागून. तुमच्या मागची खडूची पीडाही गेली. ठरावात सूचक म्हणून तुमचंच नाव घातलंय."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, पण इथे दांडाही बाळाजीच होते आणि गोतही तेच. ते "छान, छान" म्हणाले, वर गेले, पाटी गुंडाळलेलीच दिवाणात ढकलली आणि भिंतीकडे तोंड करून पडले. अंजनीबाईंनी काय झालं विचारलं तेव्हा त्यांनी एकच वाक्य उच्चारलं. "फळा गेला." ते अशा आवाजात, की त्या बिचाऱ्या क्षणभर घाबरल्या, कोण गेलं म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एक व्रत घेतलं. गेटमधून जाता-येता त्या काचेच्या पेटीकडे बघायचं नाही. मान दुसरीकडे ठेवायची. कबूल करायचं तर ते रोज मरत होते. लोक काचेसमोर थांबतात की नाही, हे डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना बघावंच लागे, आणि कुणी थांबलं की सकाळ वाया जाई.

असाच आठवडा गेला. मग एका सकाळी कारखान्यात जायच्या घाईत बाळाजींनी अंगाला, डोक्याला, तोंडाला साबण लावला, तांब्या बुडवायला बादली पुढे ओढली तर ती तळाला गेलेली. नळ सोडला. नळाने एक उचकी दिली आणि तो गप्प झाला.

"अगं, पाणी गेलं!"

"आज टाकी धुणार होते म्हणे!" बाहेरून अंजनीबाई ओरडल्या. "आत्ता बनूबाई बोंबलतायत खाली. नोटीस होती काचेत!"

"मग वाचली नाहीस?"

"ती नोटीस होती होय? मला वाटलं संक्रांतीची नक्षी आहे!"

अख्ख्या कदंबला तसंच वाटलं होतं. मोठ्या पाटीवर जी अक्षरं राजासारखी दिसायची, ती बारीक होऊन ओळीने बसली की मुंग्यांची रांग होत होती. तरी ती वाचू शकेल असा इमारतीत एक माणूस होता, ज्याने त्यातली अक्षरं एकेक करून वेचली होती, आणि तो मान दुसरीकडे ठेवून फिरत होता. आता तो मोरीत साबणात उभा होता.

पाणी कुणाच्या घरी असणार? ज्यांच्या घरी नोटीस लिहिली गेली त्यांच्या. बाळाजींनी लुंगी गुंडाळली, टॉवेल खांद्यावर टाकला, डोळे घट्ट मिटले आणि भिंत चाचपत जाऊन समोरचं दार वाजवलं. ज्या पाटीवर त्यांचा एवढा जीव होता ती त्यांच्या हाताला लागली. अक्षरं फारच टोकदार होती.

"काका!" दार राजसीने उघडलं होतं. "थांबा, हलू नका, आणते पाणी."

बादली आली. त्यांनी एक ओंजळ तोंडावर मारली, पण साबण डोळ्यांत आणखीच गेला.

"सॉरी काका, माझ्यामुळे झालं हे," राजसी म्हणाली. "मी संध्याताईंना सांगत होते, ही अक्षरं नावापुरती असतात, पाटीला, मथळ्याला. याच्यात कुणी वाचायचा मजकूर लावत नाही. त्या ऐकेचनात. आता परत बोलले मी त्यांच्याशी. फळा उद्या पुन्हा लागतोय. आणि लिहायचं तुम्हीच."

बाळाजींच्या छातीवरचा धोंडा उतरला. पण 'उपकार नकोत' असं काहीतरी तोंडावर येत होतं, तेवढ्यात ती थोडी घुटमळली.

"आणि काका, ते ळचं... मला आधीच तुम्हाला विचारायला हवं होतं. त्या दिवशी तुम्ही चिडलात ना हॉलमध्ये? मला वाटलंच, तुम्ही ओळखलात म्हणून."

"काय ओळखलं?"

"तो तुमचा आहे ना. मला ळ जमतच नव्हता. जर्मन अक्षरांत ळ नसतोच, कुणाकडे बघून काढणार? मग गेटवर तुमचा फळा बघितला. तुम्ही खडू तिरका धरून 'सकाळी' लिहिता ना, त्यातला ळ उचलला मी. कॉलेजात सर म्हणाले, सगळ्या सेटमध्ये हेच एक अक्षर जिवंत आहे."

बाळाजी लुंगीत, साबणात, बादलीसमोर उभे होते. म्हणजे त्यांनी अंबरनाथहून उल्हासनगरला जाऊन, हळदीकुंकू घडवून आणून, चार बायकांसमोर त्या ळचा अपमान करून, शेवटी जे चोरून आणलं ते त्यांचंच होतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बरं झालं, साबण होता.

"शेपटी," ते म्हणाले. "शेपटी बरी काढलीस."

त्याच रविवारी अंजनीबाईंना दिवाणात पाटी सापडली. नवऱ्याला काही न विचारता त्यांनी चेतनकडून ड्रिल मागवलं, आणि ड्रिलबरोबर चेतन स्वतःच आला. भोक पाडता पाडता तो म्हणाला, "दादा, एवढं आवडलं होतं तर सांगायचं ना! राजसीने घरच्या घरी करून दिली असती." बाळाजींनी भिंतीतून पडणाऱ्या धुळीकडे लक्ष केंद्रित केलं. ड्रिलचा आवाज ऐकून सगळा मजला जमला. संध्याताईही वर आल्या.

"अय्या, राजसीची अक्षरं!" त्या म्हणाल्या. "आणि तो ळ बघा तो ळ! दादा, नावं ठेवली होतीत ना तुम्ही त्याला? आता कसा दारावर मिरवताय!"

बाळाजींनी राजसीकडे पाहिलं. मागायचं म्हटलं तर एवढंच मागायचं होतं.

"तो ळ काकांचाच आहे," राजसी पुढे होऊन म्हणाली. "मी त्यांच्या फळ्यावरून घेतलाय."

संध्याताईंनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि तिचा गालगुच्चा घेतला. "बघा! एवढी मोठी कलाकार, पण श्रेय काकांना देते. नाही तर आजकालची मुलं! शिका दादा, शिका काहीतरी."

सगळ्यांनी माना डोलावल्या. चेतनचा ऊर भरून आला. राजसी "अहो पण खरंच..." म्हणत राहिली, आणि जितकं म्हणाली तितकी लोकांना ती अधिकच विनयशील वाटत गेली. आजवर त्यांनी भोईरांच्या पाटीचा हेवा केला होता, काचेच्या पेटीचा केला होता. आता त्यांना स्वतःच्याच ळचा हेवा वाटायला लागला. तो त्यांच्यापेक्षा पुढे गेला होता.

ते खाली उतरले. फळा जागेवर आला होता. उद्याची सूचना लिहायची होती. त्यांनी नवा खडू घेतला, तिरका मोडला आणि 'उद्या सकाळी' इथपर्यंत लिहून थांबले. मागे पाऊल घेऊन पाहिलं. मग पुढे होऊन ळची शेपटी आणखी वीतभर ओढली, पार फळ्याच्या चौकटीपर्यंत, आणि पाण्याची वेळ उरलेल्या जागेत बारीक अक्षरात बसवली.